ज्ञानमीमांसेतील अनुभवाधिष्ठित विज्ञानाचे स्थान

एखादी गोष्ट माणसाला ठाऊक आहे असे केव्हा म्हणावे, समजुतीला आधार कशाचा असावा आणि भ्रम ओळखावा कसा, या प्रश्नांचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा म्हणजे ज्ञानमीमांसा. दृष्टी, स्मृती, तर्क यांचा प्रयोगांनी अभ्यास करणाऱ्या शास्त्रांना या प्रश्नांची उत्तरे देण्यात वाटा असावा का, आणि असल्यास किती, यावर गेल्या अर्धशतकात मोठा वाद झाला. भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारात, त्याच्या जवळचा वाद फार पूर्वी झडला होता. त्यातले दोन मोलाचे ग्रंथ छापून उजेडात आणण्याचे काम बडोद्यात झाले, म्हणून या नोंदीत बडोद्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये इंद्रियांसकट सगळ्यावर संशय घेऊन निःशंक असा पाया शोधला. त्या वाटेने गेल्यावर विज्ञानाची मदत घेता येत नाही, कारण इंद्रियांवर भरवसा ठेवावा की नाही हाच प्रश्न असतो आणि विज्ञान तर इंद्रियांच्याच भरवशावर चालते. ह्यूमने कार्यकारणाविषयीच्या आपल्या खात्रीचे मूळ सवयीत दाखवले. कार्नापने १९२८ मध्ये प्राथमिक अनुभवांपासून तर्काच्या साहाय्याने साऱ्या संकल्पनांची रचना मांडून पाहिली. ती तडीस गेली नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने १९६९ च्या निबंधात विचारले की, असा पाया सापडतच नसेल, तर माणूस प्रत्यक्षात ज्ञान कसे मिळवतो हे मानसशास्त्रालाच का विचारू नये? इंद्रियांवर होणारा आघात तुटपुंजा असतो, त्यातून उभे राहणारे जगाचे चित्र मात्र भरघोस असते; या दोहोंमधला दुवा शोधणे हेच त्याच्या मते ज्ञानमीमांसेचे काम. या भूमिकेला निसर्गवादी ज्ञानमीमांसा म्हणतात.

तिच्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप जेग्वॉन किम याने १९८८ मध्ये घेतला. माणसे कसा विचार करतात हे विज्ञान सांगेल. कसा करावा, कोणता पुरावा पुरेसा मानावा, हे त्यातून निघत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. नियम ठरवताना ते पाळणाऱ्याची कुवत माहीत असावी लागते. ॲल्विन गोल्डमनने १९७९ मध्ये सुचवले की, जी प्रक्रिया बहुतेक वेळा सत्याकडे नेते तिच्यातून आलेली समजूत समर्थनीय मानावी. कोणती प्रक्रिया तशी आहे, हे मग खोलीत बसून नुसत्या विचाराने सांगता येत नाही. तपासूनच पाहावे लागते.

तपासल्याने काय हाती येते याचे उत्तम उदाहरण म्हणजे मॉलिन्यूचा प्रश्न. जन्मांध माणसाला घन आणि गोल स्पर्शाने ओळखता येतात. त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून तो ते ओळखेल का? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने विचारलेला हा प्रश्न इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत घेतला. दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. पुढे तीन शतके वाद चालला. भारतात जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या ‘प्रकाश’ प्रकल्पातून पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच जणांना शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासले असता, स्पर्शाने जाणलेली वस्तू नजरेने ओळखण्यात ती जवळपास अंदाजाने सांगावे तितपतच यशस्वी झाली. मात्र ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांच्यात काही दिवसांतच ठळक सुधारणा दिसली. हा ‘काही दिवसांचा’ तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘होय’ की ‘नाही’ एवढ्यावरच अडलेल्या वादात ही शक्यता पुढे आली ती मुलांची प्रत्यक्ष चाचणी घेतल्यामुळे.

न्याय या भारतीय दर्शनात असे शास्त्र आणि तत्त्वज्ञान वेगळे ठेवलेलेच नाही. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, त्यामुळे ज्ञान कशाने उत्पन्न होते हा प्रश्न आरंभापासूनच मध्यभागी येतो. गौतमाच्या सूत्रात प्रत्यक्षाची व्याख्या ‘इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षातून (संपर्कातून) उत्पन्न झालेले’ अशी सुरू होते. मग डोळा दूरच्या झाडाला भिडतो कसा? नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, म्हणणे असे की डोळ्यातून तेजाचे किरण बाहेर जातात. पुरावा म्हणून त्यांनी रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे बोट दाखवले. बौद्धांनी हे नाकारले. आज आपल्याला माहीत आहे की प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो आणि मांजराच्या डोळ्यात तो परावर्तित होतो. नैयायिकांचे उत्तर चुकले, तरी त्यांनी ते निरीक्षणाच्या कसोटीवर ठेवले होते, हे त्यांचे मोठेपण.

सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ मध्ये बौद्ध आचार्य शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह) निघाला. ज्ञानाचे प्रामाण्य त्याचे त्यालाच सिद्ध असते, या मीमांसकांच्या (मीमांसा दर्शन मानणाऱ्यांच्या) मताची त्यात सविस्तर परीक्षा आहे. त्याच सुमारास पाटणच्या जैन भांडारात जयराशिभट्ट या संशयवादी विचारवंताच्या ‘तत्त्वोपप्लवसिंहा’ची पोथी मिळाली. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होते. सुखलाल संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९४० मध्ये याच मालेत छापला गेला. जयराशीचा हल्ला थेट मर्मावर आहे. प्रत्यक्ष ज्ञान चुकत नाही हे ठरवणार कसे? निर्दोष कारणांपासून उत्पन्न झाले म्हणून म्हणाल, तर डोळ्याचा निर्दोषपणा पुन्हा ज्ञानानेच कळायचा. त्याला बाध आला नाही, म्हणजे ते खोटे ठरले नाही, म्हणून म्हणाल, तर पुढे येणार नाही कशावरून? त्यानुसार वागून फळ मिळाले म्हणाल, तर ते फळ मिळाल्याचे ज्ञान तरी खरे कशावरून? विज्ञानाच्या आधारे विज्ञानाचे समर्थन केल्याचा जो दोष क्वाइनवर ठेवतात, तो याहून नेमका मांडलेला मला कुठे आढळला नाही.

क्वाइनचे उत्तर ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ नॉयराथकडून घेतलेले आहे: भर समुद्रात, गोदीत न जाता, ज्या नावेत आपण आहोत तिच्याच फळ्या बदलत राहायचे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातच याचे प्रत्यक्ष रूप दिसते. १९६० ते १९७५ या काळात तिथून वाल्मीकि रामायणाची चिकित्सित (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती सात कांडांत निघाली. अयोध्याकांडाचे संपादन प. ल. वैद्य या मराठी पंडिताचे. कोणती पोथी विश्वासार्ह, हे तिच्यातल्या पाठांवरून ठरते. कोणता पाठ ग्राह्य, हे पोथीच्या विश्वासार्हतेवरून. जयराशी याला इतरेतराश्रय, म्हणजे एकमेकांवर टेकलेला युक्तिवाद, म्हणेल. पण वेगवेगळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या, एकमेकींना न पाहिलेल्या पोथ्या जिथे जुळतात, तिथे तो जुळण्याचा योगायोग समजावून द्यावा लागतो. या कामात निखळ पाया नाही. तरीही एखादा पाठ टाकायला आणि दुसरा ठेवायला कारणे देता येतात, चूक दाखवता येते, निर्णय फिरवता येतो. जयराशीच्या प्रश्नाने खात्रीचा दावा मोडतो. सुधारणेची शक्यता मोडत नाही, असे माझे मत आहे.

बाकीच्या प्रमाणांपैकी अनुमानावर प्रायोगिक काम विपुल आहे. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले की शक्यता अजमावताना माणसे ठरावीक तऱ्हेने चुकतात, आणि संख्याशास्त्राचे शिक्षण घेतलेलेही सुटत नाहीत. शब्दप्रमाणाबाबत, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाबाबत, संशोधन तुलनेने नवे आहे. आप्ताचा (विश्वासार्ह जाणकाराचा) उपदेश म्हणजे शब्द, असे न्यायसूत्र सांगते. तीन-चार वर्षांची मुलेसुद्धा वस्तूंची नावे आधी बरोबर सांगणाऱ्याचे म्हणणे चुकीची सांगणाऱ्यापेक्षा अधिक मानतात, असे २००४ मध्ये कोएनिग, क्लेमां आणि हॅरिस यांच्या प्रयोगांत आढळले. आप्त कोण हे पारखण्याची सुरुवात इतक्या लहानपणी होत असेल, तर दुसऱ्याच्या शब्दावरचा विश्वास हा निव्वळ भाबडेपणा आहे, हे म्हणणे टिकत नाही. मात्र वय वाढल्यावर, अनोळखी माणसाच्या शब्दाला किती वजन द्यावे हे या प्रयोगांतून ठरत नाही. किमचा आक्षेप तिथे अजून जागा धरून आहे.