नैराश्य की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया?

पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस कामात लक्ष घालेनासा झाला, घरात बोलेनासा झाला, की निदान बहुधा नैराश्याचे होते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते, कारण या वयात नैराश्य कितीतरी अधिक आढळते. परंतु फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा व कानशिलाकडचा भाग झिजत जाण्याचा आजार, जो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, सुरुवातीला पुष्कळदा तसाच दिसतो आणि स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असल्यामुळे डिमेन्शियाची शंका कोणाला येत नाही.

नैराश्यात दुःख असते, अपराधीपणा असतो, पहाटेच झोप उडते, आणि ‘माझ्या काही लक्षात राहत नाही’ ही तक्रार रुग्ण स्वतः करतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात तक्रार घरच्यांची असते. रुग्णाच्या मते त्याला काहीच झालेले नसते. बायको तापाने फणफणलेली असताना ‘जेवायला कधी वाढणार’ एवढेच विचारणारा, पूर्वी गोडाला हात न लावणारा पण आता बर्फीचा डबा एका बैठकीत संपवणारा, परक्या माणसाला तोंडावर वाटेल ते बोलणारा नवरा उदास नसतो. दुसऱ्याचे मन जाणणारा आणि स्वतःला आवर घालणारा त्याच्या मेंदूचा भाग झिजत असतो. घरचे मात्र ‘स्वभाव बिघडला’ म्हणतात आणि वर्षे भांडणात जातात. या आजारातले हे नुकसान मला फार मोठे वाटते, कारण ते टाळता येण्याजोगे आहे.

स्मरणशक्तीची नेहमीची छोटी चाचणी अशा रुग्णात नॉर्मल येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी जोडीदाराशी वेगळे बोलणे अत्यावश्यक आहे, आणि जोडीदारानेही कोणता बदल साधारण केव्हापासून दिसला हे लिहून न्यावे. थायरॉईड, बी-१२, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या रक्ततपासण्यांनी बरे होऊ शकणारी कारणे शोधली जातात. एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा व कानशिलाकडचा भाग आक्रसलेला दिसू शकतो, आणि हे आक्रसणे स्पष्ट नसेल तर मेंदूचा कोणता भाग कमी काम करतो हे दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनची मदत होते.

नैराश्याच्या गोळ्यांनी चिडचिड कमी झाली, एवढ्यावरून नैराश्यच होते असे म्हणता येत नाही, कारण त्यांतील काही गोळ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियातही वर्तन थोडे शांत करतात. उलट अल्झायमरसाठी दिले जाणारे डोनेपेझिल येथे उपयोगी ठरत नाही, आणि काही रुग्णांत अस्वस्थता वाढवते. नैराश्यावर पुरेसे उपचार होऊनही बेफिकिरी वाढतच गेली, तर मानसोपचारतज्ज्ञाबरोबर न्यूरॉलॉजिस्टलाही दाखवावे आणि काही महिन्यांनी सर्व तपासणी पुन्हा करावी.