शब्द कळले नाहीत, ताल कळला: मायकल जॅक्सनच्या आठवणींमागचा इतिहास

29 ऑगस्ट 2009. मायकल जॅक्सनला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि तो असता तर त्या दिवशी एक्कावन्न वर्षांचा झाला असता. मेक्सिको सिटीत 13 हजारांहून अधिक माणसं एकत्र जमली आणि सगळ्यांनी मिळून ‘थ्रिलर’चा नाच केला. गायक गेला की त्याची गाणी गातात, फोटोला हार घालतात. या माणसाची आठवण मात्र लोक नाचून काढतात. मनिलापासून मुंबईपर्यंत, ज्यांना त्याच्या गाण्यातली एक ओळही धड म्हणता येत नाही, तेही पाय मागे सरकवून दाखवतात. हे त्याच्या प्रसिद्धीमुळे झालं असं म्हणणं मला अपुरं वाटतं. ते गाणं घडवलं गेलं तेच तसं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात गॅरी नावाचं पोलादनगर आहे. तिथल्या कारखान्यात वडील जोसेफ क्रेन चालवायचे. घर छोटं, मुलं नऊ. वडील स्वतः हौशी बँडमध्ये गिटार वाजवलेले. मुलांचा गळा कळल्यावर त्यांनी तालीम सुरू केली ती कमालीची कडक. तालमीत मार बसायचा, हे मायकलने पुढे जाहीरपणे सांगितलं. शाळकरी वयात ही भावंडं क्लबांमधून कार्यक्रम करत हिंडली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरमध्ये 1967 साली त्यांनी हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली. छोटा मायकल अशा वेळी विंगेत उभा राहून जेम्स ब्राउन आणि जॅकी विल्सन या नाचत गाणाऱ्या गायकांची पावलं टिपत असे. त्याचं खरं शिक्षण तिथे झालं, असं मी मानतो.

मग आली मोटाउन. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेल्या बेरी गॉर्डीने ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. गीतकार वेगळे, वादक ठरलेले, कलाकारांना उभं राहण्या-बोलण्याचंही प्रशिक्षण, अशी तिथली शिस्त. जॅक्सन फाइव्हची, म्हणजे या भावांच्या बँडची, तिथली पहिली चारही सिंगल्स (सुटी प्रसिद्ध केलेली गाणी) अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पण त्या शिस्तीत मुलांना स्वतःची गाणी करायला वाव नव्हता. 1975 मध्ये ते एपिक कंपनीकडे गेले. जर्मेन हा भाऊ तेवढा मोटाउनमध्ये राहिला. एका चित्रपटाच्या कामात मायकलची संगीत निर्माता क्विन्सी जोन्सशी गाठ पडली आणि 1979 मध्ये दोघांचा ‘ऑफ द वॉल’ आला. अल्बम भरपूर खपला, ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, मात्र एकच मिळाली आणि तीही ‘आर अँड बी’ (रिदम अँड ब्लूज) विभागातली. कृष्णवर्णीय कलाकारांचं संगीत तेव्हा त्याच कप्प्यात ठेवलं जाई. हे त्याला फार लागलं. पुढच्या अल्बमकडे दुर्लक्ष करणं कुणालाही जमणार नाही, या जिद्दीने तो कामाला लागला.

तो अल्बम म्हणजे ‘थ्रिलर’, 30 नोव्हेंबर 1982. यातल्या ‘बिली जीन’पाशी जरा थांबायला हवं. गायकाचा आवाज येण्याआधी बराच वेळ नुसता ड्रम आणि बास चालतो. ही सुरुवात फार लांब आहे, कापू या, असं क्विन्सीचं म्हणणं. मायकल हटला नाही. ती ऐकली की मला नाचावंसं वाटतं, एवढंच त्याचं उत्तर. क्विन्सीनेच ही आठवण अनेकदा सांगितली आहे. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडीनने या गाण्याची 91 मिश्रणं (मिक्स) केली आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचं घेतलं.

मायकलला कोणतंही वाद्य सफाईने वाजवता येत नव्हतं, स्वरलेखनही येत नव्हतं. ड्रम, बास, तारवाद्यं असं सगळं तो तोंडाने काढून टेपवर घ्यायचा आणि मग वादक ते वाजवायचे. म्हणून त्याच्या गाण्यांत शब्दांइतकंच महत्त्व श्वासाला, उचकीसारख्या आवाजाला, चुटकीला, मध्येच फुटणाऱ्या किंकाळीला आहे. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणतात आणि मग हातात उतरवतात, तसंच काहीसं हे. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसापर्यंत हे गाणं कसं पोहोचलं, याचं उत्तर मला इथे सापडतं.

पोहोचवायला मात्र टीव्ही लागला. गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी 1981 मध्ये सुरू झाली, पण तिथे कृष्णवर्णीय कलाकार क्वचितच दिसत. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने 1983 मध्ये त्याच वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत याचा जाब विचारला होता. त्याच वर्षी ‘बिली जीन’ची चित्रफीत तिथे लागली आणि पुढच्या अनेकांसाठी दार उघडलं. डिसेंबरमध्ये जॉन लँडिस दिग्दर्शित, जवळजवळ 14 मिनिटांची ‘थ्रिलर’ची चित्रफीत आली. अल्बम अमेरिकेत 37 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि 1984 च्या ग्रॅमीमध्ये मायकलने एका रात्रीत आठ पुरस्कार घेतले.

मोटाउनच्या पंचविशीचा कार्यक्रम 16 मे 1983 ला अमेरिकेत प्रसारित झाला. भावांबरोबरची गाणी संपल्यावर मायकल एकटा थांबला, ‘बिली जीन’ सुरू झालं आणि मधल्या तुकड्यात तो काही क्षण पुढे चालल्यासारखा मागे सरकला. हाच तो मूनवॉक, पण तो त्याने शोधलेला नाही. बिल बेली हा नर्तक 1950 च्या दशकात तशी पावलं टाकत असे. शालामार बँडच्या जेफ्री डॅनियलने ती 1982 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर केली होती, आणि तो मायकलच्या शिक्षकांपैकी एक. रस्त्यावरची पोरंही ती करत होती. या उसनवारीने त्याचं मोठेपण कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही. टॅप नर्तक, जेम्स ब्राउन, हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आणि गल्लीतली मुलं यांचा वारसा त्याने एका शरीरात आणला. खुद्द अस्टेअरने दुसऱ्या दिवशी फोन करून त्याची पाठ थोपटली.

आपल्याकडे तो आधी कॅसेटींमधून आला, नंतर केबलवरून. 1990 च्या दशकात प्रभुदेवाला ‘भारताचा मायकल जॅक्सन’ म्हणू लागले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीतल्या नाचाच्या स्पर्धेत काळी टोपी आणि पांढरे मोजे घातलेला एक तरी मुलगा असायचाच.

1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याचा भारतातला मोठा कार्यक्रम झाला. तरुणांच्या रोजगारासाठी काढलेली शिवउद्योग सेना त्यामागे होती, तिचे नेतृत्व राज ठाकरे करत होते, आणि आयोजनाचं काम विझक्राफ्टकडे होतं. विमानतळावर सोनाली बेंद्रेने मराठी पद्धतीने त्याचं स्वागत केलं. तो मातोश्रीवर जाऊन बाळासाहेब ठाकरेंना भेटला. युती सरकारने कार्यक्रमाला करमणूक करातून सूट दिली, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली आणि तीन कोटींहून अधिक रकमेचा तो प्रश्न 2021 मध्ये मंत्रिमंडळाने सूट मंजूर करेपर्यंत लोंबकळला. मैदानात असलेल्यांच्या आठवणीत यातलं फारसं काही नसतं. ते सांगतात ते एवढंच, की तो मंचावर येऊन बराच वेळ नुसता स्तब्ध उभा राहिला आणि गर्दी बेभान झाली.

या आठवणींत एक जड गोष्ट आहे आणि ती टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. 1993 मध्ये त्याच्यावर एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला; पुढच्या वर्षी पैसे देऊन दिवाणी दावा मिटवण्यात आला, फौजदारी खटला उभा राहिला नाही. दुसऱ्या एका प्रकरणात 13 जून 2005 ला ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं. लहानपणी त्याच्या सहवासात राहिलेल्या दोघांनी 2019 च्या माहितीपटात पुन्हा तसेच गंभीर आरोप केले. त्याच्या वारसांनी ते फेटाळले. काही रेडिओ केंद्रांनी तेव्हा त्याची गाणी थांबवली. कित्येक चाहत्यांनी ऐकणं सोडलं, कित्येक आरोपांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि बरेच जण गाणं लागलं की आनंद आणि अस्वस्थता दोन्ही सोसतात. मी त्या शेवटच्या गटातला.

लंडनमध्ये ठरलेल्या 50 कार्यक्रमांच्या तालमी चालू असताना 25 जून 2009 ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. झोपेसाठी दिलेलं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध त्याला भोवलं, आणि त्याचा डॉक्टर 2011 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. त्या दिवशी बातमी खरी का खोटी हे शोधायला इतकी माणसं इंटरनेटवर तुटून पडली की गूगललाही आधी तो हल्लाच वाटला.

तेव्हापासून चाहत्यांनी आपापल्या जागा शोधल्या आहेत. म्युनिकमध्ये तो ज्या हॉटेलात उतरायचा त्याच्यासमोर ओर्लांदो दि लासो या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराचा पुतळा आहे; त्याच्या चौथऱ्याभोवती फुलं, मेणबत्त्या आणि मायकलचे फोटो लावून चाहत्यांनी ते स्मारकच करून टाकलं. रिओ दि जानेरोच्या दोना मार्ता वस्तीची गोष्ट आणखी वेगळी. 1996 मध्ये दिग्दर्शक स्पाइक लीने तिथे मायकलच्या ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’ या गाण्याचं चित्रीकरण केलं. गरिबी जगाला दिसेल म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी ते अडवायचा प्रयत्न केला, प्रकरण कोर्टात गेलं, पण शेवटी चित्रीकरण झालं. ज्या गच्चीवर तो नाचला तिथे 2010 मध्ये त्याचा पुतळा बसवला गेला. आता परदेशी पाहुणे ती वस्ती चढून येतात, त्यांना गल्ल्यांतून वर घेऊन जाणारे वाटाडे तिथलेच रहिवासी असतात, आणि त्या गच्चीला सगळे मायकल जॅक्सनचीच गच्ची म्हणतात.