पार्श्वभूमी : पत्रा शाई पीत नाही

कागद शाई पितो, पत्रा पीत नाही. डब्यांच्या छपाईतले बहुतेक दोष शेवटी याच गोष्टीपाशी येऊन थांबतात, आणि छपाई मशीनच्या देखभालीची कहाणीही इथूनच सुरू होते.

19व्या शतकात लिथोची (सपाट दगडावर पाणी आणि तेलकट शाई वापरून होणारी) छपाई दगडावरूनच व्हायची. दगड कडक, पत्राही कडक, मध्ये दबणारं काहीच नाही. ठसा कुठे उठायचा, कुठे नाही. 1875 साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी दोघांच्या मध्ये पुठ्ठा गुंडाळलेला सिलिंडर घातला. शाई आधी सिलिंडरवर आणि तिथून पत्र्यावर, हेच ऑफसेट. काही वर्षांत पुठ्ठ्याच्या जागी रबर आलं. कागदावरचं ऑफसेट अमेरिकेत आयरा रूबेल यांनी आणलं ते 1904च्या सुमारास, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. ऑफसेटचा जन्म पत्र्यासाठी झाला, हे आपल्या छपाईवाल्यांनी अभिमानाने सांगावं असंच आहे.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले. रंगाचे, तेलाचे डबे आजही जुन्याच रीतीने होतात: सपाट पत्रा छापायचा, भट्टीत सुकवायचा, मग कापून, वळवून सांधा जोडायचा. आपला पावसाळा या पत्र्याचा वैरी. उघड्या थप्पीला दमट हवा लागली की कडांना गंजाचे ठिपके येतात, आणि तिथे शाई नीट धरत नाही.

1959 मध्ये अमेरिकेत कूर्स या बिअर कंपनीने दोन भागांचा (तळासकट एकसंध अंग आणि वरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियम कॅन आणला आणि क्रमच उलटला: आधी कॅन, मग छपाई. तळोज्यात बनणारे शीतपेयांचे कॅन याच जातीचे. यात लिथोसारखं पाणी नसतं. उठावाच्या प्लेटवरून सगळे रंग ओलेच एका ब्लँकेटवर, म्हणजे चाकावर बसवलेल्या रबरी पट्ट्यावर, शेजारी शेजारी बसतात आणि मँड्रेलवर, म्हणजे कॅन आतून धरणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चढवलेला कॅन त्यावरून एकदाच फिरतो. रंग केसभर सरकला तरी डोळ्यांना खुपतो. वेग मिनिटाला हजाराच्या वर, त्यामुळे पाच मिनिटं लक्ष चुकलं तर पाच हजार कॅन भंगारात.

म्हणून दोष दिसला की आधी मोजायचं. प्रत्येक कॅनवर तोच डाग असेल तर प्लेट तपासा. चाकावर आठ ब्लँकेट आहेत आणि डाग दर आठव्या कॅनवर येतोय, तर एका ब्लँकेटला खड्डा पडलाय. बहुधा चेपलेला कॅन त्याखालून गेला असेल. मँड्रेलच्या संख्येइतक्या अंतराने येत असेल तर तो मँड्रेल झिजलाय किंवा त्याचं बेअरिंग ढिलं झालंय. हे न मोजता शाईच बदलत बसणारे पाहिले की जीव तुटतो.

ब्लँकेटच्या आणि शाई लावणाऱ्या रोलरच्या रबराचं दुखणं वेगळं, ते हळूहळू वाढतं. चुकीच्या सॉल्व्हंटने पुसलं की फुगतं, जुनं झालं की कडक आणि चकचकीत होतं, मग शाई सारखी उचलत नाही. जुने फिटर मशीन थांबवून रोलर क्षणभर खाली प्लेटवर टेकवतात, उचलतात आणि टॉर्चच्या उजेडात शाईची पट्टी बघतात. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक असेल, तर रोलर तिरका बसलाय. तो सरळ करून पट्टी पुन्हा घ्यायची, आणि दोन्ही टोकं सारखी दिसेपर्यंत मशीन चालू करायचं नाही.