तर्री फुकट देणं वेगळं, दुसऱ्याची गाडी अडवणं वेगळं

माझा भाचा नागपुरातच दोन मित्रांना घेऊन ॲप बनवतो. गेल्या महिन्यात घरी आला तो चार पानांची तक्रार हातात घेऊनच. "मामा, हे एकदा वाचून द्या. या मोठ्या कंपन्या लहान माणसाला जगूच देत नाहीत." पानं चार होती, राग मात्र दोन वेगवेगळ्या गोष्टींचा होता आणि पठ्ठ्याने दोन्हींवर एकच शिक्का मारला होता: मक्तेदारी.

पहिला राग असा. शिकवणी घेणाऱ्या सरांसाठी त्याने फोनचा स्क्रीन रेकॉर्ड करणारं ॲप काढलं होतं. बरं चाललं होतं. मग फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच ती सोय आली आणि त्याचे गिऱ्हाईक आटले. दुसरा राग स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्यांच्या ॲपचा. त्यात त्याने एक ओळ टाकली होती, "आमच्या वेबसाइटवरून घेतलं तर स्वस्त पडेल." ॲपच्या दुकानाने ॲप परत पाठवलं. ओळ काढा, पैसे आमच्याच गल्ल्यातून घ्या, त्यातला आमचा हिस्सा आम्हाला द्या.

नागपूरकराला यातला फरक समजवायला कायद्याचं पुस्तक लागू नये. पोह्यावर तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, फुकट मिळते. समजा, कस्तुरचंद पार्कजवळ एखाद्याने नुसत्या तर्रीची गाडी लावली आणि शेजारच्या पोहेवाल्याने दुसऱ्या दिवसापासून प्लेटीवर फुकट तर्री ओतायला सुरुवात केली. तर्रीवाला बुडाला. वाईट झालं, पण पोहेवाल्याचा गुन्हा कोणता? खाणाऱ्याचं तर भलंच झालं. आता तोच पोहेवाला चणे पुरवणाऱ्याला दम देतो, "त्याला माल दिला तर माझ्याकडे यायचं नाही." वर रोज सकाळी त्याच्या गाडीपुढे आपली मोटरसायकल आडवी लावतो. तर्रीवाला याही वेळी बुडाला, पण या वेळी त्याची तर्री कुणी चाखलीच नाही.

आपला कायदाही असाच विचार करतो. 1969 च्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारी रोखण्याच्या, कायद्याला कंपनीचा आकारच खुपायचा. त्याच्या जागी आलेल्या 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 4 मोठं असण्याला हात लावत नाही, मोठेपणाचा गैरवापर तेवढा पकडतं. त्यामुळे "ती कंपनी फार मोठी आहे हो" एवढ्यावर हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे काही होत नाही.

या विषयावर बोलताना सगळे मायक्रोसॉफ्टचं नाव घेतात आणि बहुतेक जण ती गोष्ट अर्धीच सांगतात. नेटस्केपचा ब्राउझर जोरात होता, मायक्रोसॉफ्टने 1995 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला, तो फुकट वाटला, नेटस्केप संपला, 1998 मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला आणि मायक्रोसॉफ्ट हरली. म्हणजे फुकट दिल्याबद्दल हरली, असं आपण धरून चालतो. 2001 चा अपील न्यायालयाचा निकाल वेगळंच सांगतो. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना ब्राउझर फुकट देण्यात न्यायालयाला काही गैर दिसलं नाही. बोट ठेवलं ते भोवतालच्या करारांवर आणि क्लृप्त्यांवर. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी एक्सप्लोररचं चिन्ह डेस्कटॉपवरून काढायचं नाही; इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी नेटस्केप जवळजवळ वाटायचाच नाही; प्रोग्राम काढून टाकायच्या यादीतून एक्सप्लोरर गायब. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिणाऱ्यांची तर फसवणूकच झाली: मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी लिहिलेला प्रोग्राम कुठेही चालेल, असं त्यांना वाटत राहिलं, आणि निघायचा तो फक्त विंडोजवर चालणारा. खालच्या न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला होता, तो अपिलात रद्द झाला. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका राहिला तो राहिलाच.

त्याच्याही आधीचा एक किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात हेतूबद्दल शंकेला जागाच नाही. विंडोज 3.1 च्या एका चाचणी आवृत्तीत असा कोड होता, की विंडोज ज्याच्यावर चालायचं त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉस या मूळ प्रणालीऐवजी खाली प्रतिस्पर्ध्याचा डीआर-डॉस असेल तर पडद्यावर बिघाड झाल्याचा संदेश यायचा. खरा बिघाड काही नसायचा. विकायच्या आवृत्तीत तो कोड झोपवला होता, काढला नव्हता. आडवी मोटरसायकल म्हणतात ती हीच.

युरोपने मात्र देणं आणि अडवणं यांमधली माझी ही रेघ थोडी पुसली, हे कबूल करायला हवं. 2004 मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला 497 दशलक्ष युरो दंड केला, तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे विंडोजसोबत मीडिया प्लेअर जोडून विकणं, म्हणजे आपली तर्रीच. दुसरी म्हणजे सर्व्हर बनवणाऱ्या इतरांना विंडोजशी बोलायची तांत्रिक माहिती न देणं. पहिल्यावर उपाय म्हणून प्लेअर नसलेलं विंडोज बाजारात आलं आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तर्री नसलेले पोहे त्याच भावात कोण घेणार? दुसऱ्या उपायाला वेळ लागला, पण 2007 च्या अखेरीस विंडोजशी बोलणारा सर्व्हर बनवणाऱ्या साम्बा या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींना 10,000 युरो भरून ती कागदपत्रं मिळाली. जोडलेलं सोडवून कोणाचं भलं झालं नाही, अडवलेलं सोडल्यावर झालं. मी तरी यातून हेच घेतो.

आता आपल्याकडे. ऑक्टोबर 2022 मध्ये पाच दिवसांच्या अंतराने स्पर्धा आयोगाचे गूगलवर दोन आदेश आले, आणि लोक त्यांचीही सरमिसळ करतात. 20 ऑक्टोबरचा 1,337.76 कोटींचा आदेश अँड्रॉइडबद्दल होता. वरून पाहिलं तर तर्रीचाच मामला: फोनमध्ये गूगलची ॲप आधीपासून बसवलेली. खरी मेख करारात होती. प्ले स्टोअर हवं असेल तर सगळा संच घ्या, ठळक जागी ठेवा. आणि अँड्रॉइडचा दुसऱ्या कोणी बदललेला अवतार वापरून फोन काढू नका. एक पदार्थ घ्यायला गेलं की अख्खं ताट गळ्यात. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, चार निर्देश मात्र रद्द केले.

25 ऑक्टोबरचा 936.44 कोटींचा आदेश प्ले स्टोअरच्या गल्ल्याबद्दल होता, म्हणजे भाच्याच्या दुसऱ्या रागासारख्याच मामल्याचा. ॲपमधली खरेदी गूगलच्याच पद्धतीने करायची, बाहेरच्या स्वस्त वाटेचं नावही काढायचं नाही, हे आयोगाला गैर वाटलं. आयोगाने आणखी एक टोचणारी गोष्ट नोंदवली: गूगलचं स्वतःचं यूट्यूब त्या गल्ल्याला बांधलेलं नव्हतं. कळमना बाजारात काटा ज्याच्या हातात, तोच आपला माल न तोलता काढतो, तसं. मार्च 2025 मध्ये हा दंड अपिलात 216.69 कोटींवर आला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

गूगलची बाजू अगदीच पोकळ नाही. दुकान उभं करायला, खोटी ॲप हुडकायला पैसा लागतो, आणि कट्टा फुकट वापरू द्या असं कोणी म्हणत नाहीये. पण 1 मार्च 2024 ला शुल्काच्या भांडणातून नोकरी, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी ही ॲप दुकानातून एका फटक्यात उतरली, तेव्हा किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे सगळ्यांनी पाहिलं. सरकारने लक्ष घातल्यावर थोड्याच दिवसांत ती परत आली. भाच्याच्या ॲपसाठी कोणता मंत्री बोलणार?

मधली जागा धूसर आहे, ती आधीपासून निवडलेल्या पर्यायाची. फोनमध्ये एक ब्राउझर ठरवून ठेवलेला असतो. बदलता येतो, पण तीन पडदे खोल जाऊन, आणि आमच्या मोठ्या वहिनींनी तो आजतागायत बदललेला नाही. याला देणं म्हणावं की अडवणं? माझ्या मते बदलायची वाट जितकी मुद्दाम वाकडी केली असेल, तितकं ते अडवण्याकडे झुकतं. वाट किती वाकडी हे मोजायचं कसं, यावर वकिलांची घरं चालतात.

भाच्याला मी लाल पेन मागितला. स्पर्धा कायद्याच्या कलम 19 खाली आयोगाकडे कोणीही जाऊ शकतो, आणि तिथल्या भाषेत तक्रारीला 'माहिती' म्हणतात. तेव्हा वरचा "अन्याय निवारण अर्ज" खोडला. मग स्क्रीन रेकॉर्डरची अडीच पानं.

"मामा, पण खरं नुकसान तर त्याच्यातच झालं ना?"

"झालं ना. म्हणून काय त्यांनी ती सोय देऊच नये?"

तो गप्प बसला. मग परत आलेल्या ॲपसोबतचा ईमेल फोनवर शोधू लागला, कारण उरलेल्या दीड पानात तारीखच नव्हती.