विनोदी कादंबरीकार आधी काय करत होते?

टेरी प्रॅचेटने १९८०च्या सुमारास इंग्लंडच्या सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकाऱ्याची नोकरी धरली. त्याच्या विभागात काही अणुवीज केंद्रं होती. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात मार्च १९७९ मधला, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वीचा. 'घाबरण्याचं काही कारण नाही' हे लोकांना पटवून देण्याच्या नोकरीला याहून भलता मुहूर्त शोधून सापडला नसता. १९८७ पर्यंत तो दिवसा हे काम करत राहिला आणि उरलेल्या वेळात डिस्कवर्ल्ड रचत राहिला: कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर जग. मालिकेतलं पहिलं पुस्तक १९८३चं. वीज मंडळातल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं तो पुढे सांगायचा. कासवावर मात्र लोकांनी विनातक्रार विश्वास ठेवला.

पोटासाठी नोकरी आणि हौसेसाठी लेखन ही बहुतेक लेखकांची गोष्ट असते. विनोदी कादंबरीकारांच्या बाबतीत मला ती जरा वेगळी वाटते. त्यांना नोकरी पगाराइतकीच भाषा पुरवते. परिपत्रक, खुलासा, अहवाल, नोटीस अशी कमालीच्या गंभीर चेहऱ्याने लिहिलेली भाषा रोज आठ तास कानांवर आणि डोळ्यांवर आदळली की तिच्यातला पोकळपणा आपोआप ऐकू यायला लागतो. म्हणूनच ज्या काळात ही गंभीर भाषा जिथे तयार होत होती, तिथून त्या काळातले विनोदकार आलेले दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती जागा म्हणजे कारकुनाचं टेबल. जेरोम के. जेरोम पोरवयात रेल्वेत कारकून होता. मग फिरत्या नाटक कंपन्यांत नट, मास्तर, वकिलाकडे लेखनिक असं सगळं करून त्याने १८८९ मध्ये थेम्स नदीतल्या तीन मित्रांची सफर लिहिली. पी. जी. वुडहाऊसला १९०० मध्ये लंडनच्या एका बँकेत चिकटवण्यात आलं. पुढे पूर्वेकडच्या एखाद्या शाखेत बदली ठरलेलीच होती. त्याने दोन वर्षं कशीबशी काढली आणि १९०२ मध्ये वर्तमानपत्रातल्या विनोदी सदराच्या जोरावर राजीनामा दिला. बँकेच्या पदरात पडली ती १९१०ची एक कादंबरी, त्याच बँकेची टिंगल करणारी.

सगळेच काही पळून गेले नाहीत. स्टीफन लीकॉक मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होता आणि १९३६ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवतच राहिला. १९०६ मध्ये त्याचं राज्यशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं आणि ते चांगलं खपलं. विनोदी लेखांचं पहिलं पुस्तक मात्र १९१० मध्ये त्याला स्वतःच्या खर्चाने छापावं लागलं. अख्खा ब्रिटानिका ज्ञानकोश लिहिण्यापेक्षा आपल्या हातून 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' लिहून झालं असतं तर बरं, असं त्याने एका प्रस्तावनेत म्हटलं आहे, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने म्हणण्यात वजन आहे. मराठी वाचकाला इथे चिं. वि. जोशी आठवतील. चिमणराव-गुंड्याभाऊंचा हा जनक पाली भाषेचा प्राध्यापक होता.

आयर्लंडमध्ये फ्लॅन ओब्रायन सरकारी नोकर. खरं नाव ब्रायन ओनोलन, पण नोकरशाहीतल्या माणसाने जाहीर मतं मांडायची नाहीत असा दंडक, म्हणून टोपणनावं. डब्लिनच्या दैनिकात १९४०पासून चाललेल्या सदराला आणखी वेगळं नाव. लेखक कोण हे हळूहळू सगळ्या शहराला ठाऊक झालं, आणि शेवटी १९५३ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच्या दुसऱ्या इंग्रजी कादंबरीला १९४० मध्ये प्रकाशकाने नकार दिला, तेव्हा हस्तलिखित हरवल्याची थाप त्याने मारली होती. ती छापली गेली १९६७ मध्ये, तो वारल्यानंतर वर्षभराने. पोलीस, सायकली आणि मृत्यू यांची ती कादंबरी वाचताना, सरकारी दप्तरात आयुष्य न घालवलेल्या माणसाला हे सुचलंच नसतं, असं वाटत राहतं.

टॉम शार्पला दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारने १९६१ मध्ये देशाबाहेर घालवलं. मग केंब्रिजमधल्या एका कॉलेजात शिकवण्यात काही वर्षं गेली. पहिल्या अनुभवातून आफ्रिकी पोलिसांवरची कादंबरी निघाली, दुसऱ्यातून खाटीककामाच्या विद्यार्थ्यांना साहित्य शिकवणारा हताश मास्तर विल्ट.

त्यानंतर रस्ता बदलला. रेडिओ आणि वर्तमानपत्री सदर हेच कादंबरीचं दार झालं. डग्लस अ‍ॅडम्सची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' ही आकाशगंगेची सफर १९७८ मध्ये आधी बीबीसी रेडिओवर उलगडली, पुस्तक पुढच्या वर्षी. त्याआधी कतारच्या एका श्रीमंत कुटुंबाचा अंगरक्षक म्हणूनही तो हॉटेलच्या खोलीबाहेर बसला होता. लहान वयातच शाळा सोडलेली, पेट्रोल पंपावर काम केलेली स्यू टाउनसेंड वर्षानुवर्षं कुणाला न सांगता लिहीत होती. तिचा पोरगेला डायरीलेखक एड्रियन मोलही १९८२ मध्ये आधी रेडिओवर बोलला. हेलन फील्डिंगची नायिका ब्रिजेट जोन्स आधी १९९५ मधलं वर्तमानपत्री सदर होती. अमेरिकेत कार्ल हायसेन मायामीच्या दैनिकात १९७६पासून २०२१पर्यंत टिकला. फ्लोरिडातले भ्रष्ट बिल्डर त्याला बातमीतून आयतेच मिळत.

आजच्या नावांकडे पाहिलं तर खुर्च्या बदललेल्या दिसतात, बाकी फार काही नाही. जॅस्पर फोर्ड सिनेमाच्या कॅमेरा विभागात होता आणि २००१ मध्ये पहिलं पुस्तक येण्याआधी त्याच्याकडे ७६ नकारपत्रं जमली होती. आंद्रेई कुर्कोव्हने सोव्हिएत लष्करी सेवा ओडेसाच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून केली आणि तिथे लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. फ्रेड्रिक बॅकमन फोर्कलिफ्ट चालवायचा. २०१२च्या कादंबरीतला त्याचा खडूस ओवे ब्लॉगवर जन्मला. रिचर्ड ऑस्मन टीव्हीतून आला. मरिना लेविका शेफील्डला विद्यापीठात शिकवत होती. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा, २००५ मध्ये, ती साठीला टेकली होती.

त्याच वर्षी तिला विनोदी कादंबरीसाठीचं वुडहाऊसच्या नावाचं ब्रिटिश पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक २०००पासूनचं आहे. विजेत्याला शॅम्पेन मिळते आणि एका डुकराला विजेत्या पुस्तकाचं नाव दिलं जातं. लेविकाच्या पुस्तकाचं नाव 'युक्रेनी भाषेतील ट्रॅक्टरांचा संक्षिप्त इतिहास' असं होतं, तेव्हा त्या डुकराला हाक कशी मारत असतील कोण जाणे. २०१८ मध्ये परीक्षकांना पुरेसं हसवणारं एकही पुस्तक सापडलं नाही, पारितोषिक रोखून धरलं गेलं आणि त्या वर्षीचं डुक्कर बिनबारशाचंच राहिलं.