रेपो घटला, मग यील्ड का चढलं?

6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून 5.5 टक्क्यांवर आणला. बहुतेकांनी पाव टक्काच धरला होता, त्यामुळे सेन्सेक्स उसळला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे तो आजच्या भावाने घेणाऱ्याला मिळणारा परतावा, तेव्हा 6.2 टक्क्यांच्या आसपास होतं. ऑगस्ट संपेपर्यंत ते 6.6च्या घरात पोचलं. मग व्याजदर उतरले की चढले? दोन्ही झालं, कारण हे दोन वेगळे दर आहेत.

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या दिवसांसाठी ज्या दराने पैसे देते तो. सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसून तो ठरवते. फ्लोटिंग गृहकर्जाचा हप्ता बहुधा यालाच बांधलेला असतो, म्हणून टीव्हीवर गाजतो तोही हाच.

यील्ड कुठलीच समिती जाहीर करत नाही. सरकार तूट भरून काढायला रोखे विकतं. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी ते घेतात, आणि पुढे त्यांची रोज खरेदी-विक्री चालते. 100 रुपयांच्या रोख्यावर वर्षाला 7 रुपये व्याज ठरलेलं आहे. गिऱ्हाईक कमी पडलं आणि भाव 95वर आला, तर नव्या खरेदीदाराला 95वर 7, म्हणजे जवळपास 7.4 टक्के सुटतात. भाव पडला की यील्ड चढतं, ते असं.

सरकारी कर्जाचा धक्का बसतो तो इथे: उचल, म्हणजे नवं कर्ज, वाढली की जास्त रोखे विकायला येतात आणि भाव पडतो. 1 फेब्रुवारी 2022च्या अर्थसंकल्पात पुढच्या वर्षासाठी सुमारे 14.95 लाख कोटींच्या एकूण उचलीचा आकडा आला आणि त्याच दिवशी यील्ड 6.8 टक्क्यांपलीकडे गेलं. रेपो तेव्हा 4 टक्क्यांवर होता; तो हलला थेट मे महिन्यात. 2025मध्येही जूनमध्येच रिझर्व्ह बँकेने आता कपातीला फारसा वाव नाही असं सुचवलं होतं. त्यात 15 ऑगस्टला जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आणि महसूल घटून उचल वाढेल, ही धास्ती रोखे बाजाराने घेतली.

शेअरचं मोल, म्हणजे कंपनीच्या पुढच्या नफ्याची आजची किंमत, काढताना माझ्या मते यील्डकडे आधी बघावं. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 6 टक्के दराने सुमारे 56 रुपये होते, 7 टक्क्यांनी 51. वीस वर्षांनंतरच्या 100 रुपयांचे मात्र 31वरून 26च उरतात; घट तीच 5 रुपयांची, पण टक्क्यांत जवळपास दुप्पट. म्हणून ज्यांचा नफा अजून लांब आहे, अशा महागड्या शेअरना यील्डचा चटका जास्त बसतो. अर्थात अर्थव्यवस्था जोरात आहे म्हणून यील्ड चढत असेल, तर कंपन्यांचा नफाही वाढतो आणि बाजार ते पचवतो. नुसत्या कर्जाच्या भाराने चढलं तर तशी भरपाई नाही.

अमेरिकेतही हेच दिसलं. सप्टेंबर ते डिसेंबर 2024मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, दर एकूण एक टक्क्याने कमी केले, आणि दहा वर्षांचं यील्ड 3.6च्या आसपासून जानेवारीत 4.8 टक्क्यांपर्यंत गेलं.

बँकांच्या शेअरमध्ये तर दोन्ही दर एकाच ताळेबंदात भेटतात. रेपो उतरला की कर्जावरचं व्याज लगेच घटतं, ठेवींवरचं सावकाश, म्हणून मार्जिन, म्हणजे या दोन व्याजांमधला फरक, आवळतं. यील्ड उतरलं की बँकेकडच्या जुन्या रोख्यांचा भाव वाढतो आणि ट्रेझरीत, म्हणजे बँकेच्या रोखे सांभाळणाऱ्या विभागात, नफा दिसतो. रेपो खाली, यील्ड वर अशी जोडी जमली, तर बँकेला दोन्हीकडून फटका.