खाटेजवळची सोनोग्राफी : यंत्र आधी आले, शिकवणी मागाहून

1953 साली स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धातूतील तडे शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्राने जिवंत माणसाच्या हृदयाच्या हालचाली टिपल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1955 मध्ये, त्याच देशातील गोथेनबर्ग येथे गंभीर आजारी मुलांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू झाला. जगातील असा पहिला विभाग म्हणून तो ओळखला जातो. एकाच देशात जवळजवळ एकाच वेळी जन्मलेल्या सोनोग्राफी आणि मुलांची अतिदक्षता या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र चार दशके लागली. सोनोग्राफीचे यंत्र अवजड होते, ते रेडिओलॉजी विभागाच्या खोलीत असे, आणि व्हेंटिलेटरवरच्या मुलाला तिथपर्यंत हलवणे हाच मोठा धोका होता. त्यामुळे अतिदक्षता विभागातील डॉक्टर तपासणीची मागणी लिहीत आणि अहवालाची वाट पाहत. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, हातात घेणे हे त्यांच्या कामात मोडतच नव्हते.

हे चित्र 1990च्या दशकात बदलले. अपघातग्रस्तांच्या पोटातील रक्तस्राव काही मिनिटांत शोधणारी ‘फास्ट’ तपासणी अमेरिकेत शल्यचिकित्सकांनी आणि तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी स्वतः करायला सुरुवात केली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या निधीतून हातात उचलून नेता येईल असे यंत्र तयार करण्याचे काम सुरू झाले आणि 1999 मध्ये सोनोसाइट कंपनीचे तसे यंत्र बाजारात आले. माझ्या मते या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र पॅरिसजवळच्या बुलोन्य येथील रुग्णालयात दानिएल लिश्टेनश्टाइन करत होते. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी निरुपयोगी, असे तोवर सर्वत्र शिकवले जाई. लिश्टेनश्टाइन यांनी हवेमुळे पडद्यावर उमटणाऱ्या आभासी रेषांचाच अर्थ लावला. फुप्फुसाचे आवरण श्वासागणिक सरकताना दिसले, तर त्या जागी छातीत हवा साचलेली नाही. आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या चमकत्या रेषा दाट दिसल्या, तर फुप्फुसात द्रव वाढलेला असण्याची शक्यता मोठी. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ब्लू’ पद्धतीत तीव्र श्वसनविकाराच्या 260 प्रौढ रुग्णांपैकी 90.5 टक्के रुग्णांचे निदान बरोबर आले. मुलांच्या छातीची भिंत पातळ असते आणि बरगड्यांचा बराच भाग कूर्चेचा असतो, त्यामुळे त्यांचे फुप्फुस याहून सहज दिसते.

मुलांच्या विभागात या यंत्राला अधिकृत आधार मिळाला तो एका सुईमुळे. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2002 मध्ये मानेतील मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (औषधे देण्याची लांब नळी) घालताना, तातडीची वेळ नसेल तर, सोनोग्राफीच्या साहाय्याने घालावी अशी शिफारस केली आणि तीत प्रौढांबरोबर मुलांचाही स्पष्ट उल्लेख होता. अर्भकाची शीर काही मिलिमीटर रुंदीची आणि धमनी तिला चिकटून, अशा ठिकाणी अंदाजाने सुई घालण्याचे दिवस तिथून मागे पडू लागले.

कौशल्य शिकवायचे कसे, याचे उत्तर सुरुवातीला संख्येत शोधले गेले. अमेरिकेतील तातडीच्या वैद्यकसेवेतील डॉक्टरांच्या संघटनेने 2001 मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. 2008च्या आवृत्तीत प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी 25 ते 50 तपासण्या पुरेशा मानल्या होत्या. ही तत्त्वे प्रौढांच्या सेवेतून आली होती. मुलांच्या तातडीच्या विभागासाठी अमेरिकी बालरोग अकादमीचे धोरण 2015 मध्ये आले. नवजात आणि बाल अतिदक्षतेसाठी युरोपीय संस्थेची आंतरराष्ट्रीय तत्त्वे 2020 मध्ये. ब्रिटनमध्ये मुलांसाठी ‘कॅक्टस’ नावाचा वेगळा प्रमाणन मार्ग उभा राहिला. म्हणजे यंत्र सहज मिळू लागल्यानंतर या विभागांना स्वतःची तत्त्वे मिळायला दोन दशके गेली. 2020 सालीच अमेरिकेतील ‘इक्री’ या रुग्णसुरक्षा संस्थेने आरोग्य तंत्रज्ञानातील धोक्यांच्या यादीत खाटेजवळच्या सोनोग्राफीचा सुरक्षाव्यवस्थेपेक्षा वेगाने होणारा प्रसार दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, याचे म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

पन्नास तपासण्या केल्या म्हणजे शिकणे पूर्ण झाले, असे मला वाटत नाही. प्रश्न नेमका ठरवणे, चित्र मिळवणे, त्याचा अर्थ लावणे आणि त्यावरून उपचार बदलणे ही चार वेगळी कामे आहेत. डेंग्यूच्या शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, मुलाच्या उजव्या छातीत पाणी आणि पित्ताशयाची सुजलेली भिंत निवासी डॉक्टरला लवकर ओळखता येते. पण त्याला आणखी सलाइन द्यायचे की थांबायचे, हे केवळ त्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी चित्रे साठवून ठेवणारी आणि ती वरिष्ठांसमोर पुन्हा पाहणारी व्यवस्था लागते. चूक सुधारण्याची जागा तीच आहे, आणि यंत्राच्या किमतीत ती मिळत नाही.

भारतात या शिकवणीला आणखी एक इतिहास जोडलेला आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये संमत होऊन 1996 पासून लागू झाला. त्यानंतरही राज्यातील सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 च्या 946 वरून 2011 मध्ये 894 पर्यंत उतरली. त्यामुळे कायद्याची कडक नजर अनाठायी म्हणता येणार नाही. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र नोंदणी नसलेल्या ठिकाणी विकता येत नाही, आणि 2012च्या नियमदुरुस्तीने हलवता येणाऱ्या यंत्रांचा वापर नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारापुरता, तेथील दाखल रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित केला. परदेशातील निवासी डॉक्टर खिशात बसणारा प्रोब घेऊन वॉर्डावॉर्डांत सराव करतो, तसे इथे करता येत नाही. इथल्या निवासी डॉक्टरचा सराव विभागाच्या नोंदणीकृत यंत्रावरच होतो, आणि तोही यंत्र रिकामे असेल व शिकवणारे वरिष्ठ हजर असतील त्या वेळेत.